आधी ठकीचा घास

कुत्र्याचं पोट सुटलेलं दिसलं की माणसांना हसू येतं. बैलाचं पोट फुगलं तर घरदार गोळा होतं, गाईनं चारा सोडला तर शेजारी विचारपूस करतात. कुत्र्याच्या पोटावर मात्र विनोद होतात. मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली सुरुवातीची, म्हणजे एकोणीसशे पन्नास ते साठ या दशकातली वर्षं, इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत गेली. फऱ्या, घटसर्प, बुळकांडी यांच्या लशी टोचून टोचून माझा उजवा अंगठा त्याच काळात कायमचा वाकडा झाला. त्या लशींबद्दल लिहायचं तर पानंच्या पानं भरतील. पण यंदा मी एका कुत्रीबद्दल लिहिणार आहे. तिच्याबद्दल मी पुण्याला एकदा भरसभेत अर्धंच खरं बोललो होतो. उरलेलं अर्धं माझ्या पत्नीचं, सुमतीचं होतं. ती गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून माझं लिहिणं फार सावकाश चालतं. एक वाक्य झालं की वाचून दाखवायला मान वर करतो, आणि मग पुढचं वाक्य सुचायला वेळ लागतो.

त्या काळी बारामतीच्या दवाखान्यात कुत्रं आलं तर ते बहुधा पिसाळल्याच्या संशयावरून यायचं. गळ्यात दोरी, आणि आणणारा माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला होईल तितका लांब. त्यामुळे पणदऱ्याचे तात्या एक कुत्री चक्क छकड्यात गोधडीवर बसवून घेऊन आले, तेव्हा दवाखान्यासमोर बैल घेऊन उभी असलेली माणसं आपापलं काम विसरून बघायला आली.

तात्या कालव्याच्या पाण्यावर भाजी आणि पेरू काढायचे. इंग्रजांच्या काळात कालवा खात्याच्या बंगल्यावर त्यांची भाजी जायची. तिथला साहेब स्वराज्य आल्यावर विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आपल्या कुत्रीचं एक पिल्लू तात्यांच्या भाजीच्या पाटीत ठेवून दिलं. पाठ वीतभर लांब, पाय दोन बोटं, कान लोंबते. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, तिला पाहिलं आणि लाकडी बाहुलीसारखी दिसते म्हणून नाव ठेवलं ठकी. या जातीला डॅक्सहुंड म्हणतात. पणदऱ्यात तिला बुटकीच म्हणत.

"डाक्टर," तात्या म्हणाले, "म्हातारपणी गाभण ऱ्हायली का वो ही? गाव हसतंय आमाला."

माझा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीचा मदतनीस, म्हणाला, "तात्या, बारसं दवाखान्यातच करू."

"तू पेढं आण आदी."

ठकी टेबलावर उभी होती, पण मागचे पाय थरथरत होते. पोट टेबलाला टेकायचं तेवढं बाकी. दोन्ही कुशींवरचे केस गेलेले, तेही अगदी सारखे, जणू कुणी मोजून कातरले असावेत. खरूज असती तर तिनं खाजवून कातडं लाल केलं असतं; इथं खाज नव्हती. कातडी चिमटीत धरली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ लागत होती. उन्हात नसतानाही धापा टाकत होती. पोट चाचपलं. पिल्लं नव्हती आणि पाणीही नव्हतं.

"वय काय हिचं?"

"सायेब गेला तवा एवढीशी हुती. धरा आठ-नऊ."

"पाणी किती पिते?"

"बादली ठिवली की संपती. आन मग सोप्यात मुतती. आदी असं कदी करत न्हवती, डाक्टर. लई शानी हाय."

काकी छकड्यातच बसल्या होत्या. त्यांना उतरायला त्रास व्हायचा. आमवातानं त्यांच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. मी छकड्यापाशी जाऊन विचारलं, "काकी, खायला काय घालता हिला?"

"आमी खातू त्येच. माझ्या तोंडात जायच्या आदी तिच्या तोंडात जातं. काय बी आसूं दे. सासूबाईंनी लावलेली सवय हाय, दारच्या कुत्र्याला पैला घास."

मी केसपेपरवर लिहिलं: आहार, घरचा.

पुढं जे झालं ते सारं या दोन शब्दांत होतं. माणूस पुरं सांगत असतं आणि आपण त्याचा आपल्या सोयीचा गोषवारा लिहून मोकळे होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. गुरांच्या बाबतीत ती फारशी नडत नाही, कारण बैल कडबा खातो म्हणजे कडबाच खातो.

मी पुस्तकं बाळगणारा माणूस. मुंबईला शिकत असताना जेवण कमी करून पुस्तकं घेतली होती, आणि तालुक्याला आल्यावर ती उघडायचे प्रसंग फार थोडे आले होते. त्या संध्याकाळी जाड पुस्तक काढलं, आणि बारीक टाइपातल्या एका परिच्छेदात ठकी जशीच्या तशी सापडली. सुटलेलं पोट, दोन्ही बाजूंनी सारखे गेलेले केस, पातळ कातडी, तहान, भूक, मागच्या पायांतलं गेलेलं बळ. वर नाव होतं कुशिंगचा आजार. मला त्या वेळी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. सुमतीला हाक मारून मी तो परिच्छेद मराठीत करून ऐकवला. ती म्हणाली, "यात बरं कसं करायचं ते कुठं आहे?" ते त्यात नव्हतं.

हा आजार काय असतो ते सोप्या शब्दांत सांगतो. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्याशी एक लहानशी ग्रंथी असते. ती शरीराला एक रस पुरवते. ताप, जखम, भीती, उपास, अशा अडचणीच्या वेळी शरीर सावरून धरायचं काम तो रस करतो. किती रस सोडायचा याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या, डाळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथीकडून येतो. हा रस हवा तेवढाच हवा. तो महिनोन्‌महिने जास्त झाला की शरीर आपलेच स्नायू खायला लागतं, चरबी पोटाकडं नेतं, केस आणि कातडी यांची हेळसांड करतं आणि पाणी धरून ठेवायचं विसरतं.

जास्त होण्याची कारणं तीन. मेंदूतल्या ग्रंथीत बारीकशी गाठ होते आणि हुकूम थांबतच नाहीत. बहुतेक कुत्र्यांत हेच घडतं. किंवा मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतच गाठ होते आणि ती कुणाचा हुकूम न पाहता रस सोडत राहते. हे कमी वेळा. तिसरं कारण म्हणजे तोच रस औषध म्हणून बाहेरून शरीरात जातो. हे तिसरं कारण माझ्या पुस्तकात नव्हतं. पुस्तक छापलं गेलं तेव्हा ते औषध बाजारात यायचं होतं.

आता जातीचं. हा आजार उतारवयात येतो आणि काही जातींना जास्त धरतो. डॅक्सहुंड, पूडल, छोटे टेरिअर, बॉक्सर ही नावं आजच्या पुस्तकांत ठळक छापलेली असतात. थोड्याच घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली की एखादं वैगुण्यही रूपाबरोबर उतरत जातं. इथं तसंच काही असावं असं मानतात. गावठी कुत्र्याला हा आजार होत नाही, असं मात्र कुणी समजू नये. गावठी कुत्रं आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत टिकतं किती, आणि टिकलं तरी पोट सुटलं म्हणून त्याला दवाखान्यात कोण आणतं? आमच्या वह्यांत जी कुत्री नोंदली जातात ती छकड्यात बसून आलेली असतात. जातींची यादी वाचताना मी हे अजूनही विसरत नाही. त्या वेळी मात्र विसरलो. वय जुळलं, लक्षणं जुळली, जात जुळली. मेंदूतली गाठ असं निदान करून मी पुस्तक मिटलं.

आठ दिवसांनी तात्या आले तेव्हा मी त्यांना पुस्तक उघडून सगळं समजावलं आणि उपाय नाही म्हणून सांगितलं. त्या काळी खरोखर नव्हता. तात्या टोपी हातात घेऊन म्हणाले,

"ती आता उठंना झालीया. हागनं मुतनं जाग्यावर. आमच्या हिचं हात हे असं, आन ही वाकून वाकून तिचं काढती. मला बगवत न्हाय. डाक्टर, सुई देऊन मोकळी करा तिला."

"काकींना विचारलंत?"

"इच्यारलं. दोन दिस बोलली न्हाय. काल म्हनली, डाक्टरला घरी यिऊं दे. तिकडं परक्या टेबलावर नगं."

मी येत्या रविवारी येतो म्हणून सांगितलं. सुमतीनं ऐकलं आणि म्हणाली, "मी येते. त्या बाईजवळ कुणीतरी बसायला हवं." एसटीनं पणदऱ्याच्या फाट्यापर्यंत आणि पुढं तात्यांच्या छकड्यातून आम्ही गेलो. माझ्या पेटीत झोपेच्या औषधाची बाटली होती. मात्रा पुरेशी मोठी असली की जनावराला काही कळत नाही. वाटेत सुमतीनं विचारलं, "तिला कळेल?" मी नाही म्हणालो. "तिला म्हणजे काकींना कळेल का, ते विचारतेय," ती म्हणाली.

घरापुढं पेरूची बाग होती. ओसरीवर गोधडीवर ठकी पडली होती. आम्हाला पाहून तिनं शेपटी दोनदा आपटली. काकी आत चुलीपाशी होत्या. सुमती आत गेली. मी ओसरीच्या कट्ट्यावर पेटी उघडली, सिरिंज जोडली आणि औषध ओढून घेतलं. तात्या बागेकडं तोंड करून उभे राहिले. आतून काकींचा आवाज आला, "थांबा जरा. तिचा शेवटचा घास ऱ्हायलाय."

काकी बाहेर आल्या. गुळाचा खडा ठकीच्या तोंडाशी धरला. ती पडल्या पडल्या चघळू लागली. मग काकींनी स्वतः काहीतरी तोंडात टाकलं आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या. मी हे पाहिलं, पण मला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही. मी ठकीच्या पुढच्या पायावरचे केस कापायला कात्री काढली.

सुमती दारात आली. तिच्या हातात अडकित्ता होता.

"अहो, जरा थांबा."

"काय झालं?"

"काकींनी आत्ता याच्यावर त्यांची गोळी फोडली. अर्धी गुळात घालून हिला दिली आणि उरलेली अर्धी आपण घेतली." तिनं अडकित्ता माझ्यापुढं धरला. पात्यावर पांढरी भुकटी होती. "मी विचारलं, हिला कशाला? तर म्हणाल्या, माझ्या तोंडात जाईल ते आधी तिच्या. तुम्हाला हे ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. मला ते सांगितलेलं होतं.

"काकी, कसली गोळी ही?"

"आमवाताची. पोरगं म्हमईस्नं धाडतंय. बारामतीच्या डाक्टरनं लिवून दिल्याली. दिसातनं तीन येळा."

"आणि तिन्ही वेळा अर्धी हिला?"

"मंग? तिला कडू लागती म्हून गूळ."

"कधीपासून?"

"गेल्या संक्रांतीपास्नं. आदी एक एक हुती, मला काय गुण यीना, मंग डाक्टरनं वाढवली."

गुण कसा येणार? डॉक्टर काकींची मात्रा वाढवत होते आणि ती ठकीकडं जात होती. बाटली आणायला सांगितली. वरचं इंग्रजी नाव वाचलं आणि मी कट्ट्यावर बसलो. तेव्हा नुकतं आलेलं, मोठ्या गाजावाजाचं औषध होतं ते. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीचा तोच रस गोळीच्या रूपात. नऊ-दहा शेर वजनाची कुत्री जवळजवळ वर्षभर माणसाची अर्धी मात्रा खात होती. तिच्या मेंदूत कसलीही गाठ नव्हती. मी तिची जात पाहिली होती.

सिरिंजमधलं औषध मी पेरूच्या आळ्यात सोडलं. तात्या वळून बघायला लागले.

"काय झालं, डाक्टर?"

"तात्या, ही बरी होईल. काकी, आजपासून हिला गोळी द्यायची नाही. एक कणसुद्धा नाही."

काकींनी सुमतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "म्हंजी मीच तिला मारत हुते व्हय?" सुमती त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी पेटी आवरली. परत येताना मी फार बोललो. कारण सापडलं, आता फक्त थांबवायचं, केस परत येतील, पोट उतरेल, असं बरंच काही. सुमती छकड्याच्या कडेला धरून ऐकत होती.

पाचव्या दिवशी सकाळी तात्या सायकलवरून दवाखान्यात आले. घामानं सदरा भिजला होता.

"डाक्टर, तुमची सुई वाचली, पर तिचं मरान काय चुकंना. काल धरनं वकतीया. आंग गार पडलंय. डोळं उघडंना."

मी बारामतीत इतका घाबरलो नव्हतो कधी. तडक काकींच्या डॉक्टरांकडं गेलो. सगळं ऐकून ते आधी हसले, कारण आपलं औषध का लागू पडत नव्हतं हे त्यांना आता कळलं. मग गंभीर झाले. "एकदम बंद केलीत? अहो, माणसालासुद्धा आम्ही एकदम बंद करत नाही. वर्षभर बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर तिची स्वतःची ग्रंथी झोपून गेलीय, वाळून गेलीय. आता बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. आधी परत सुरू करा, आणि मग दमादमानं उतरवा."

मिठाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मी पणदऱ्याला पोचलो. काकी ठकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एरवी मला 'तुमी' म्हणणाऱ्या काकी त्या दिवशी तसं म्हणाल्या नाहीत.

"काय करू आता?"

"काकी, तिची अर्धी गोळी द्या."

"मी दिली तवाबी चूक, न्हाय दिली तवाबी चूक. तुजं ते पुस्तक एकदा धड वाच की रं बाबा!"

"वाचतो," मी म्हणालो. "आधी गोळी द्या."

त्यांच्या बोटांना अडकित्ता पेलेना. तात्यांनी गोळी फोडली. मी ती साखर-मिठाच्या पाण्यात विरघळवून ठकीच्या गालात थेंब थेंब सोडली. कातडीखाली मिठाचं पाणी चढवलं. कातडी इतकी पातळ की सुई टोचताना मला माझ्याच हाताचा राग आला. मग आम्ही बसून राहिलो. दुपारी दुसरी अर्धी गोळी दिली. मध्ये कुणीतरी शेजारी डोकावून म्हणाला, "तात्या, पोटाला दोन डाग द्या, झटक्यात उठंल." तात्या उठून त्याच्या अंगावरच गेले. ऊन बागेतून कलायला लागलं तेव्हा ठकीनं डोळे उघडले. काकींनी ज्वारीची पेज बोटाला लावून पुढं केली. ठकीनं ते बोट चाटलं, आणि चाटत राहिली.

"चाटती," काकी म्हणाल्या. तात्या ओसरीवरून उठून बागेत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढं मात्रा उतरवायचं काम तीन महिने चाललं. अर्धी, पाव, मग एक दिवस आड पाव, मग दोन दिवस आड. काकींना वाचता येत नव्हतं. सुमतीनं एका मोठ्या कागदावर चौकटी आखून चंद्राच्या कलांसारखी चित्रं काढली. अर्धा गोल म्हणजे अर्धी गोळी, फोड म्हणजे पाव, आणि रिकामी चौकट म्हणजे काही नाही. मला तो कागद फार आवडला. पण काढता काढता तिनं रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "या दिवशी काकी काय करणार?"

"काय करायचंय? ठकीला काही द्यायचं नाही."

"मग त्या दिवशी काकी स्वतःही घेणार नाहीत. तिला दिल्याशिवाय त्या तोंडात घालत नाहीत काही. मग त्यांचं कसं होईल?"

एकदम थांबवल्यानं काय होतं ते मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. सुमतीनं कणकेच्या बारीक चपट्या गोळ्या केल्या, अगदी बाटलीतल्या गोळीएवढ्या, आणि त्या उन्हात वाळवल्या. कागदावरच्या रिकाम्या चौकटींत ठिपका काढला. ठिपक्याच्या दिवशी कणकेची. डबी भरून ती पणदऱ्याला गेली, आणि काकींना वाईट वाटणार नाही अशा बेतानं सगळं सांगून आली. काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही.

काकींना आता पूर्ण मात्रा मिळू लागली. त्यांची बोटं उघडली. डॉक्टरांना उलट त्यांच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या, आणि चेहरा गोल होतोय का याकडं लक्ष ठेवायला त्यांनी सांगितलं. काकी ठकीच्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "माजं बी असंच सुटंल व्हय? मंग गावाला हसायला दोगी हुतील."

त्यानंतर मी दवाखान्यात एक नियम केला. कुत्र्याला काय घालता याबरोबर घरात कोण कोण कसलं औषध घेतं, अंगाला काय लावतं, हेही विचारायचं. लोकांना ते विचित्र वाटे. इंदापूरच्या एका वकिलांनी आपली म्हातारी फॉक्स टेरिअर बारामतीला आणून दाखवली होती, लक्षणं ठकीचीच. मी त्यांच्या घरी जाऊन फडताळातली प्रत्येक बाटली हुंगून पाहिली. वकील म्हणाले, "डॉक्टर, झडतीचं वॉरंट आणलंय का?" तिथं काही सापडलं नाही. तो आजार शरीरातूनच आलेला होता आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पाणी तोडू नका, जिने चढू देऊ नका, एवढंच माझ्या हातात होतं. ती वर्षाच्या आतच गेली. आज त्यावर औषधं आहेत. ती आमच्या वेळी नव्हती, याची खंत मी बाळगतो. पण त्या वेळी निदान बरोबर होतं आणि ते मी खात्रीनं केलं होतं, हेही सांगतो.

पुण्याच्या सभेचं राहिलं. पशुवैद्यांच्या एका बैठकीत मी ठकीची हकिगत वाचली. नवं औषध, नवा धोका, लोकांना ती फार आवडली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी उठून विचारलं, "तुम्हाला संशय कशावरून आला?" मी म्हणालो, "आहाराची बारकाईनं चौकशी केली." टाळ्या झाल्या. घरी येऊन सुमतीला सांगितलं की सगळ्यांनी वाखाणलं. तिनं विचारलं, "जेवायला काय होतं?" मी जे बोललो होतो ते तिला सांगितलं नाही, आणि पुढंही कधी सांगायला जमलं नाही. एवढ्यासाठी हा लेख.

केस यायला पावसाळा उजाडला. बदलीचा हुकूम आला तेव्हा आम्ही दोघं पणदऱ्याला निरोप घ्यायला गेलो. ठकी पाटाच्या कडेनं पळत आली. तिच्या कुशींवर नवे, जरा काळपट केस होते आणि पोट जमिनीपासून चांगलं वर होतं. गोळ्या बंद होऊन तिला कितीतरी दिवस झाले होते. तरी काकींची औषधाची वेळ झाली तशी ती येऊन समोर बसली. काकींनी डबीतून कणकेची गोळी काढली, गुळात दाबली आणि तिच्यापुढं धरली. ठकीनं हुंगली, काकींच्या तोंडाकडं पाहिलं, आणि गिळली. मग काकींनी आपली घेतली.

मी म्हणालो, "काकी, हिला अजून ती खरीच वाटते वाटतं?"

"तिला कळत न्हाय व्हय? पैल्या दिशीच कळलंय. ती कडू हुती, ही गोड हाय." काकींनी तिच्या कानामागं खाजवलं. "माजं मन राखती."

सुमती तेव्हा हसली होती. गेल्या वर्षी, आषाढात, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आता उपाय नाही असं सांगितल्यानंतर मी तिच्यासाठी एक टॉनिक आणलं. चमच्यात ओतून तिच्यापुढं धरलं, यानं ताकद येईल म्हणालो. तिनं बाटलीवरचं नाव वाचलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि घेतलं. रोज दोन वेळा, एकही चमचा न चुकवता, शेवटच्या दिवसापर्यंत तिनं ते घेतलं.